हवालदारबाईंची रजा

केंद्रात त्यांना सगळे हवालदारबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. पोलिसात त्या कधीच नव्हत्या. पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवणं हा त्यांचा धंदा आणि मुलावर पहारा ठेवणं हा त्यांचा धर्म. शिवणयंत्र त्यांनी अशा जागी मांडलं होतं की मान वर केली की मुलाच्या खोलीचं दार दिसावं आणि मान वळवली की बाहेरचं. सुई बोटात गेली तरी चालेल, पण दार नजरेआड व्हायला नको.

मुलाला घरीदारी बारक्या म्हणत. जन्मला तेव्हा मूठभर होता म्हणून पडलेलं नाव. पुढे तो असा वाढला की चौकटीखालून वाकून जावं लागे, नाव मात्र होतं तेवढंच राहिलं. विशीत असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले. खोलीत कुणी नसताना कुणीतरी त्याच्याबद्दल घालूनपाडून बोलायचं, हुकूम सोडायचं. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया असं नाव सांगितलं. नाव कळून वडिलांना काही धीर आला नाही. ते आधी गप्प झाले आणि काही वर्षांनी हृदयविकाराने गेले. उरले मायलेक.

गोळ्यांनी बारक्या सावरला, पण मधून मधून आजार उसळी मारायचा. एका खेपेला त्याने स्वतःला कोंडून घेतलं. दार फोडावं लागलं, पोलीस आले, जिन्यात सगळी इमारत गोळा झाली. त्या दिवसानंतर बाईंनी त्याच्या खोलीची कडी काढून टाकली आणि स्वतःच कडी होऊन बसल्या. लग्नकार्य नाही, गावाला जाणं नाही. मेव्हणे वारले तेव्हासुद्धा त्या थोरल्या बहिणीकडे गेल्या नाहीत, फोनवरच रडल्या.

मनाच्या आजारातून सावरणाऱ्यांसाठीचं ते केंद्र सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. एक लांबलचक टेबल, चहाची किटली, एक फोन, आणि मागच्या बाजूला दोन पलंगांची एक शांत खोली. तिला पाहुण्यांची खोली म्हणत. कुणाचं मन डळमळायला लागलं, तर हॉस्पिटलची पाळी येण्याआधी त्याने तिथे येऊन एक-दोन दिवस राहावं, झोपावं, कुणाशी तरी बोलावं, अशी सोय होती. केंद्र चालवणाऱ्या समाजसेविकेला सगळे ताई म्हणत. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत, गरज पडली तर मध्येही. आणि फोनवर बसत ते ड्रायव्हरकाका. काकांनी अर्धं आयुष्य बस चालवली होती आणि मधली काही वर्षं बारक्यासारख्याच आजाराशी झुंज घेतली होती. आता ते केंद्राचे सोबती होते, म्हणजे ज्या रस्त्याने आपण गेलो त्या रस्त्यावर दुसऱ्याबरोबर चालणारे. बारक्याला लाँड्रीतलं काम मिळालं ते केंद्रामुळेच. हॉटेलांच्या चादरी धुऊन आल्या की दोघांनी चार टोकं धरायची, ताणायची, एकमेकांकडे चालत यायचं आणि घडी घालायची. बारक्याचे हात लांब. त्याची घडी कधी वाकडी पडत नसे.

गुरुवारी दुपारी नातेवाइकांची बैठक असे. तिथे हवालदारबाई न चुकता जात आणि नव्याने आलेल्यांना बजावत, "डोळ्यात तेल घालून बसायचं. आपलं लक्ष हटलं की संपलं."  ताई हे ऐकून पेन्सिल बोटांत फिरवत राहत.

अशात एक दिवस अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे बाईंची थोरली बहीण, निवृत्त शिक्षिका, जिभेला धार. पाय घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं.

"घरी सोडतायत मला," अक्का म्हणाली. "आठवडाभर कुणीतरी हवं. तू येणार नाहीस, ठाऊक आहे. तरी विचारते. परत विचारणार नाही."

बाईंनी फोन ठेवला आणि मशीनवर बसल्या. सबंध पडदा उलट्या बाजूने शिवून झाला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी त्या तणतणत केंद्रात गेल्या. जायचं शक्यच नाही हे कुणीतरी आपल्याला पटवून द्यावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. पण ताईंनी बारक्यालाही बोलावून घेतलं, काका किटली घेऊन आले आणि चौघं टेबलाशी बसले.

"आई, तू जा," बारक्या म्हणाला. "मावशीला गरज आहे. आणि खरं सांगू, मलाही तुझ्यापासून जरा सुटी हवीय."

काकांनी कपात तोंड लपवलं.

"माझ्यापासून? मी काय तुरुंग आहे?"

"तुरुंग नाही. पण हवालदार आहेस."

ताईंनी विषय पुढे नेला. "आपण नीट ठरवून ठेवू. बिघडायला लागलं की सगळ्यांत आधी काय होतं?"

"जेवण सोडतो," बाई म्हणाल्या.

"काकू, त्याला सांगू द्या."

बारक्याने आपल्या लांब बोटांकडे पाहिलं. "जेवण पार शेवटी सुटतं. आधी नळ बोलतो. पाणी पडत असतं ना, त्यात मध्येच शब्द येतात. पहिल्या दिवशी नुसते शब्द. मग माझं नाव. मग झोप उडते. जेवण सुटतं तोपर्यंत गाडी पार पुढे गेलेली असते."

 इतकी वर्षं बाई त्याच्या ताटाकडे बघत बसल्या होत्या. "मला कधी बोलला नाहीस."

"तू नळच काढून टाकला असतास. कडी काढलीस तसा."

ठरलं ते असं. नळ बोलला की त्याने लगेच काकांना फोन करायचा. पाहुण्यांच्या खोलीतला एक पलंग त्याच्यासाठी राखून ठेवायचा. लाँड्रीच्या मालकांना थोडी कल्पना द्यायची. बाईंनी रोज संध्याकाळी एकदाच फोन करायचा, आणि तोही नुसतं जेवलास का एवढंच विचारायला नाही.

"आणि आईला कळवायचं नाही," बारक्या म्हणाला. "मी सांगेन तेव्हाच."

"का रे?" बाईंचा आवाज एकदम लहान झाला.

"तू धावत आलीस की मला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. आवाज आणि तू."

ते शब्द बाईंना लागले. पण तो रागाने बोलला नव्हता. चादरीचं टोक हातात द्यावं तसं शांतपणे त्याने ते त्यांच्या हातात दिलं होतं. त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "बरं. दिला शब्द."

निघायच्या दिवशी त्यांनी फ्रिज असा भरला की दार लागेना. बारक्याने दोन डबे बाहेर काढले, दार लावलं आणि ते दोन डबे मावशीसाठी म्हणून त्यांच्याच पिशवीत घातले.

अक्काच्या घरी बाईंना काम मिळालं आणि त्यांचा जीव थोडा थाऱ्यावर आला. अक्काला उठवणं, बसवणं, औषधं. रोज व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. अक्का काठी घेऊन उभी राहिली की बाई मागून तिच्या कमरेला घट्ट विळखा घालत.

"मावशी, हात सोडा," ती मुलगी म्हणाली. "त्यांचा तोल त्यांना सापडायला हवा."

"पडली म्हणजे?"

"अगं, तू धरलंस म्हणूनच पडेन मी," अक्का करवादली. "ओढतेस केवढी."

बाईंनी हात सोडले, पण दोन्ही हात हवेत तसेच पसरून उभ्या राहिल्या. अक्का खिडकीपर्यंत गेली आणि परत आली.

पहिले दोन दिवस बारक्याचा फोन नीट झाला. लाँड्रीत नवीन मोठं यंत्र बसवताहेत, काम दुप्पट आहे, उशिरापर्यंत थांबावं लागतं, असं त्याने सांगितलं. तिसऱ्या संध्याकाळी त्याचा आवाज वेगळा होता. सावकाश, प्रत्येक शब्द उचलून ठेवल्यासारखा.

"आई, आज जास्त बोलत नाही. मी केंद्रात आहे. ठीक आहे. उद्या बोलू."

"केंद्रात? या वेळेला? काय झालं?"

"उद्या बोलू, आई." आणि फोन बंद.

 बाईंनी लगेच केंद्राचा नंबर लावला. ताई म्हणाल्या, "काकू, तो सुरक्षित आहे. एकटा नाही. डॉक्टर येऊन गेलेत. यापलीकडचं तोच तुम्हाला सांगेल."

"मुलगा आहे तो माझा."

"हो. आणि तुम्ही शब्द दिलाय त्याला."

बाईंनी कपडे पिशवीत कोंबायला सुरुवात केली. अक्का खुर्चीत बसून बघत होती.

"हे गेले तेव्हा तू आली नाहीस," ती म्हणाली. "ते मी मनात धरलं होतं. या दोन दिवसांत गेलं ते. तेव्हा आता निघालीस तर माझी काही तक्रार नाही. फक्त एवढं सांग, तिथे जाऊन करणार काय?"

"त्याच्याजवळ बसेन."

"त्याने बोलावलंय?"

बाईंनी पिशवीची चेन ओढली. चपला घातल्या, पिशवी खांद्याला लावली आणि जिना उतरल्या. फाटकापर्यंत गेल्या, तिथून कोपऱ्यापर्यंत. बसथांबा रस्त्याच्या पलीकडेच होता. त्या उभ्या राहिल्या. मनात सगळा जुना सिनेमा फिरून गेला, फुटलेलं दार, जिन्यातली गर्दी. आपण आत्ता निघालो तर पोहोचून दार वाजवू, आणि तो अंथरुणातून उठेल, आपल्याला पाणी देईल, आपली समजूत काढेल. आवाज आणि आई. बस आली, उभी राहिली, गेली. बाईंनी शेजारच्या दुकानातून पाव घेतला आणि परत फिरल्या.

"पाव आणायला गेले होते," दारात येऊन त्या म्हणाल्या.

"पिशवी भरून कपडे घेऊन?" अक्काने विचारलं, आणि मग दोघीही इतक्या हसल्या की अक्काला टाके दुखायला लागले. हसता हसता बाई रडल्या. पण गेल्या नाहीत.

दुसऱ्या संध्याकाळी बारक्याचा फोन त्याच्या नेहमीच्या आवाजात आला. आल्यावर सगळं सांगतो, म्हणाला, घाई करू नकोस. बाईंनी आठवडा पुरा केला. त्या निघाल्या तेव्हा अक्का काठीच्या आधाराने त्यांना पोचवायला फाटकापर्यंत आली.

घराचं दार बारक्यानेच उघडलं. डोळे जरा ओढलेले, पण दाढी केलेली. मोरीत कपबश्यांचा ढीग होता, आणि बाईंनी तो पाहूनही न पाहिल्यासारखं केलं, ही त्यांच्या मते त्या आठवड्यातली सगळ्यांत कठीण गोष्ट होती. त्याने चहा केला आणि सांगायला बसला.

कामाच्या धबडग्यात दोन दिवस झोप नीट झाली नव्हती. तिसऱ्या दिवशी लाँड्रीत हात धुताना नळ बोलला, आणि एकदम नावानेच बोलला. तो मालकांकडे गेला आणि म्हणाला, मला बरं वाटत नाहीये, मी केंद्रात जातो. मालक म्हणाले, जा, चादरी कुठे पळून जात नाहीत. रस्त्यात आवाज वाढले. घरी जा, दार लाव, कुणाला आत घेऊ नको, असं सांगायला लागले. चौकात एका बाजूला घर, एका बाजूला केंद्र. तो तिथे खिळून उभा राहिला. मग काकांना फोन लावला.

"काका न्यायला आले ना?" बाईंनी विचारलं.

"नाही. येऊ का, म्हणाले. मी म्हटलं, नको, नुसते बोलत राहा. मग ते बसच्या थांब्यांसारखं विचारत राहिले. आता काय आलं? औषधाचं दुकान. मग? बँक. आवाज शिव्या देत होते, काका थांबे विचारत होते. मी चालत होतो. वाचनालय आलं तेव्हा काका म्हणाले, शेवटचा थांबा, उतरून घ्या."

डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण थोडं वाढवलं. पाहुण्यांच्या खोलीत तो दोन दिवस राहिला. झोपला, जेवला, काकांशी पत्ते खेळून हरला. मग अर्धा दिवस कामावर गेला आणि त्यानंतर पूर्ण दिवस.

"आवाज गेले?"

"पूर्ण नाही. लांब गेलेत. शेजारच्या इमारतीतलं भांडण ऐकू यावं, तेवढे."

सगळं ऐकून बाईंचा आधी पाराच चढला. त्या तडक केंद्रात गेल्या. एवढं सगळं घडलं आणि आईला पत्ता नाही, हा कुठला न्याय, असं त्यांनी ताईंना उभ्याउभ्या सुनावलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. बोलले ते काका.

"काकू, या खेपेला दार कुणी फोडलं?"

"कुणी नाही."

"जिन्यात किती माणसं जमली?"

"एकही नाही."

"मग भांडताय कशाला? तोंड गोड करा."

बाई खुर्चीत बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आजार आला होता आणि आला तसा, कुणाच्या घराचा उंबरा न ओलांडता निघून गेला होता. त्याला परतवून लावणारा त्यांचा बारक्या होता. आणि त्या स्वतः दूर गावी पावाची पिशवी घेऊन जिना चढत होत्या. त्यांना हसू यायला लागलं. मग काही केल्या आवरेना. ताईंनाही हसू फुटलं, खाली वाचनालयातून कुणीतरी वर येऊन शांत राहा म्हणून सांगून गेलं.

पुढच्या गुरुवारी बैठकीला बारक्याही आला. एरवी आजारी माणूस घरी आणि नातेवाईक टेबलाशी, अशीच रीत. तो उभा राहिला, दिव्याला डोकं लागेल म्हणून जरा वाकून, आणि चौकापासून वाचनालयापर्यंतची हकिकत त्याने सगळ्यांना सांगितली. तो बसला. मग कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या वडिलांनी टाळी वाजवली आणि सगळी खोली टाळ्यांनी भरली. बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांचे दोन्ही हात तोंडावर होते.

त्या दिवशी एक घड्याळदुरुस्तीवाले नव्याने आले होते. त्यांची मुलगी खोल नैराश्यात गेली होती, एकदा जिवावर बेतलं होतं. ती आता सावरत होती, डॉक्टरही समाधानी होते, पण यांनी दुकानाला कुलूप लावलं ते लावलंच. दिवसभर तिच्या समोर बसून असत.

"मी एक क्षण हलत नाही," ते म्हणाले. "डोळ्यात तेल घालून बसतो."

सगळ्यांनी हवालदारबाईंकडे पाहिलं. त्यांनी घसा साफ केला.

"मीही तेच केलं," त्या म्हणाल्या. "तेल मी माझ्या डोळ्यांत घातलं आणि चुरचुरले ते त्याचे डोळे. तिला एकटं सोडा म्हणत नाही मी. एकटं सोडणं वेगळं आणि मोकळं सोडणं वेगळं. आधी तिला विचारा, बिघडतं तेव्हा सुरुवात कशी होते. तुम्हाला माहीत आहे असं तुम्हाला वाटतंय. मलाही वाटत होतं."

तेव्हापासून केंद्रात एक नवीनच खातं सुरू झालं. त्याला नाव कुणी दिलं नाही, पण चालवत होत्या बाई. कुठल्या घरातलं माणूस पहाऱ्याने पिचून गेलंय, हे त्यांना चेहऱ्यावरून कळे. चोराची पावलं चोराला ठाऊक, तशी हवालदाराची हवालदाराला. मग त्या ताईंशी बोलत, आजारी माणसाशी बोलत, डॉक्टरांचा होकार घेत, शेजारपाजार, पाहुण्यांची खोली, काकांचा फोन अशी सगळी मोट बांधत, आणि पहारेकऱ्याला सक्तीच्या रजेवर धाडत. कुणी दोन दिवस, कुणी आठवडा. एक बहीण तर परत येताना चार जागी उन्हाने सोललेलं नाक घेऊन आली आणि म्हणाली, पुढची रजा कधी. बारक्याने शनिवारी दुपारी फोनवर काकांच्या शेजारी बसायला सुरुवात केली.

घड्याळवाल्यांना तयार करायला मात्र फार दिवस गेले. शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, मी रोज सकाळी केंद्रात जाईन, संध्याकाळी काकू येतील, दोनदा फोन करीन. जा तुम्ही गावाला, तुमच्या भावाकडे. मासे पकडा." बाई त्या दोघांबरोबर बसस्थानकावर गेल्या, कारण हा गृहस्थ शेवटच्या क्षणी उतरणार याची त्यांना खात्री होती. आणि झालंही तसंच. बस सुटायच्या बेताला ते दारात आले.

"काहीतरी विसरलोय मी."

"काही विसरला नाहीत," बाई म्हणाल्या. आणि कंडक्टरला सांगितलं, "यांना मध्ये कुठे उतरू देऊ नका हो."

बस गेली. मुलगी धूर विरेपर्यंत बघत राहिली. मग तिने ओढणीच्या टोकातून एक किल्ली काढली.

"दुकानाची आहे. बाबांना विचारून घेतलीय. घड्याळाचे सेल बदलता येतात मला, पट्टेही. बाकीचं ते आल्यावर करतील."

दोघी चालत दुकानापर्यंत गेल्या. शटरवर धूळ बसली होती आणि ते एका बाजूने अडकत होतं. मुलीने दोनदा जोर लावला, हललं नाही. बाईंचे हात पुढे गेले आणि त्यांनी ते मागे घेऊन पाठीशी बांधले. तिसऱ्यांदा मुलीने खांदा लावला, दातओठ खाल्ले, आणि शटर खडखडाट करत पार वरपर्यंत गेलं. समोरच्या दुकानदाराने मान बाहेर काढून पाहिलं.

"उघडलं का दुकान?" त्याने विचारलं. "माझं घड्याळ कधीचं बंद पडलंय."

"आणा की," मुलगी म्हणाली, आणि हात झटकत आत शिरली.